स्प्रॉकेटचे दात किती? घाट, हायवे, माती आणि ओझ्यासाठी टप्प्याटप्प्यानं निवड

मोटरसायकलचा चेन सेट, म्हणजे चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चक्रं (स्प्रॉकेट), बदलायची वेळ आली की दुकानात हमखास एक सल्ला फुकट मिळतो. कोणी म्हणतं, "पुढे एक दात वाढवून टाका, ॲव्हरेज वाढेल." दुसरा म्हणतो, "मागचं मोठं टाका, पिकअप बघा कसा येतो." तुम्ही गाडी कुठे चालवता, मागे कोण बसतं, रस्ता चढाचा की सपाट, हे दोघांनीही विचारलेलं नसतं. मग गाडी घाटात दम टाकते किंवा हायवेला किंचाळत राहते, आणि दोष इंजिनाला लागतो.

स्प्रॉकेट बदलून इंजिनाची ताकद वाढत नाही. कोणतं काम कोणत्या गिअरमध्ये होणार, एवढंच त्यानं सरकतं. म्हणून दात ठरवताना टॉप स्पीडचा विचार शेवटी करायचा. रोजच्या रस्त्यावर गाडी कुठल्या गिअरमध्ये अडकते, हे आधी बघायचं.

## टप्पा १: आत्ता गाडीवर काय आहे ते मोजा

इंटरनेटवरच्या याद्यांवर विसंबू नका. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांच्या मॉडेलमध्ये दात वेगळे असू शकतात, आणि जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकानं काय बसवलं हे कुणालाच माहीत नसतं.

मागचं स्प्रॉकेट मोजणं सोपं आहे. एका दातावर खडूची खूण करा, गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक हातानं फिरवत मोजा. बऱ्याचदा आकडा स्प्रॉकेटवर ठोकलेलाही असतो, फक्त चिखलाखाली गेलेला असतो. पुढच्यासाठी इंजिनाच्या डाव्या बाजूचं कव्हर काढावं लागतं. उघडलंत की आत ग्रीस आणि धूळ मिळून झालेला काळा थर दिसेल. तो लाकडी काडीनं खरवडून काढा, कारण दातांची झीज त्याशिवाय कळत नाही. चांगला दात दोन्ही बाजूंनी सारखा उतरतो. झिजलेला दात एका अंगाला वाकतो आणि टोकाला चिमटीत पकडण्याइतका बारीक होतो.

त्याच वेळी चेनची पट्टी वाचा. कडीवर ४२८, ५२० असा आकडा कोरलेला असतो. पहिला अंक म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, इंचाच्या आठव्या भागात. ४२८ चेनमध्ये ते ४/८ इंच, म्हणजे १२.७ मिमी, आणि ५२० मध्ये ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिमी. पुढचे दोन अंक रुंदी सांगतात.

तपासा: चेन ताणून धरा आणि एका पिनेपासून सुरुवात करून एकविसाव्या पिनेपर्यंत, म्हणजे २० कड्यांचं अंतर मोजा. नवी ४२८ चेन २५४ मिमी भरते, नवी ५२० चेन ३१७.५ मिमी. ४२८ चेन २५९ च्या आसपास पोचली असेल तर तिचं आयुष्य संपलं. ५२० चेन ३१९ ओलांडायला लागली की नवी घ्यायची तयारी करा.

इशारा: झिजून लांबलेल्या जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट चढवू नका. दात आणि कडी यांचं माप जुळत नाही, आणि नवं स्प्रॉकेट काही हजार किलोमीटरमध्येच खाल्लं जातं. दात बदलण्याची योग्य वेळ म्हणजे चेन सेट बदलायची वेळ. अपवाद एकच, चेन अजून नवीनच आहे आणि फक्त पुढचं स्प्रॉकेट बदलून अंदाज घ्यायचा आहे.

## टप्पा २: रस्त्याची नोंद ठेवा

हा टप्पा सगळे गाळतात. त्यामुळेच पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आठवडाभर नेहमीच्या रस्त्यावर जा आणि घरी आल्यावर चार गोष्टी लिहून ठेवा:

- नेहमीच्या चढावर कोणता गिअर लागतो, आणि त्यात गाडी ओढते की हाफ क्लच द्यावा लागतो?
- सपाट रस्त्यावर टॉप गिअर किती वेगाला सुखानं लागतो?
- टॉपमध्ये ८० ला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती दिसतो? तो दाखवणारा टॅकोमीटर नसेल तर हँडल आणि फूटरेस्टला मुंग्या येतात का?
- डबल सीट किंवा सामान घेतल्यावर यातलं काय बदलतं?

बहुतेकांचा घोटाळा दोन गिअरच्या मधे असतो. तिसऱ्यात गाडी ओरडते, चौथ्यात मरते. ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या घाटात डबल सीट जाताना हे चांगलंच जाणवतं. असं होत असेल तर दात बदलून फरक पडेल. पण रिकाम्या गाडीवर सपाट रस्त्यालाही इंजिन ओढत नसेल, तर आधी एअर फिल्टर, क्लच प्लेट, टायरची हवा आणि अडकणारे ब्रेक बघा. घसरणाऱ्या क्लचचं औषध स्प्रॉकेटमध्ये नसतं.

## टप्पा ३: गुणोत्तर काढा, मग टक्के

मागचे दात भागिले पुढचे दात. आकडा वाढला की गाडी "खालच्या" गिअरिंगची झाली: ओढ जास्त, त्याच वेगाला आरपीएम जास्त. आकडा घटला की उलट.

पुढे १४ आणि मागे ४२ असलेली गाडी धरा. गुणोत्तर ३.००.

- १३/४२: ३.२३, म्हणजे साधारण ७.७ टक्के खाली
- १४/४४: ३.१४, म्हणजे ४.८ टक्के खाली
- १४/४५: ३.२१, म्हणजे ७.१ टक्के खाली
- १५/४२: २.८०, म्हणजे ६.७ टक्के वर

पुढचा एक दात कमी करणं आणि मागचे तीन वाढवणं जवळपास सारखंच. दुकानात "एकच तर दात" म्हणतात ते इथे फसतं. पुढचा एक दात छोटा बदल नाही.

आता टॅकोमीटरचा आकडा घ्या. टॉपमध्ये ८० ला ४,८०० आरपीएम असेल, तर १३/४२ वर तो ४,८०० × १.०७७, म्हणजे जवळपास ५,१७० होईल. १५/४२ वर ४,४८०. प्रायमरी रेशो, गिअरबॉक्सचा रेशो, टायरचा घेर यातलं काहीच शोधावं लागत नाही, कारण ते सगळं आहे तसंच राहतं.

तपासा: नवा आरपीएम तुमच्या गाडीला जिथे कंप सुटतो नेमका तिथे पडत असेल, तर तो पर्याय बाद करा. रोज दोन तास त्या कंपात कुणी बसत नाही.

## टप्पा ४: चालवण्याच्या प्रकाराप्रमाणे दात ठरवा

शहर आणि घाट, बहुधा डबल सीट. पाच ते आठ टक्के खाली या. सिग्नलवर क्लच कमी जळतो, घाटात चौथा गिअर कामाला येतो. याचा फारसा न बोलला जाणारा फायदा उतारावर आहे. त्याच गिअरमध्ये इंजिन ब्रेकिंग वाढतं, आणि वरंध्यासारख्या घाटात ब्रेक तापायचे वाचतात.

हायवे. इथे सर्वांत जास्त चुका होतात. पुढे दात वाढवला की आरपीएम उतरतो हे खरं, पण हवेचा विरोध वेगाबरोबर झपाट्यानं वाढतो आणि १००–१५० सीसीच्या इंजिनाकडे तो तोडायला शिल्लक ताकद फार नसते. मग टॉप गिअर फक्त उतारावर आणि पाठीमागून वारा असताना चालतो. बाकी वेळ तुम्ही चौथ्यात, एक्सलेटर पिळून. ॲव्हरेज वाढण्याऐवजी घटतं.

ही चाचणी करा: लांब, हलक्या चढावर टॉप गिअरमध्ये ८० धरून ठेवता येतात का? दुचाकीला चौपदरी हायवेवर मर्यादाही ८० चीच आहे, तेव्हा त्याच्या वर बघायची गरज नाही. वेग हळूहळू पडत असेल तर पुढे दात वाढवायचा विषय बंद. एक्सलेटर अजून बराच शिल्लक असताना गाडी ८० वर ठाम राहत असेल, तरच चार-सहा टक्के वर जाण्यात अर्थ आहे. ३५०–४०० सीसीच्या गाड्यांना हे जमतं, छोट्यांना सहसा नाही.

माती, ट्रेल, नदीपात्र. इथे वेग नको, पहिल्या गिअरमध्ये क्लच न दाबता माणसाच्या चालीनं गाडी चालायला हवी. दहा-बारा टक्के खाली जाणं योग्य आहे. मात्र त्याच गाडीनं ऑफिसलाही जायचं असेल तर सात-आठवर थांबा, नाहीतर रोजचा पहिला गिअर लावल्या लावल्या संपेल.

ओझं. दुधाच्या दोन ४० लिटरच्या कॅन भरल्या की मागे ८० किलोच्या वर वजन येतं, आणि ते रोज, उभं राहून, पुन्हा निघून, कच्च्या रस्त्यावरून न्यायचं असतं. अशा गाडीला ॲव्हरेजच्या नावाखाली पुढे दात वाढवून देणं हा शुद्ध अन्याय आहे. खाली या, आठ टक्क्यांपर्यंत. क्लच प्लेटचा खर्च वाचेल तो पेट्रोलच्या फरकापेक्षा जास्त असेल.

लडाख. याला थोडा वेळ देतो, कारण महाराष्ट्रातून निघणाऱ्यांना इथे दोन विरुद्ध गोष्टी एकाच गाडीकडून हव्या असतात. समुद्रसपाटीच्या तुलनेत ५,००० मीटरवर हवेची घनता सुमारे ६० टक्के उरते, आणि खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. फ्युएल इंजेक्शन मिश्रण सांभाळून घेतं, पण नसलेला ऑक्सिजन आणू शकत नाही. इंजिनाची ताकद एक तृतीयांशाहून जास्त उतरते. सामान लादलेली गाडी पहिल्या-दुसऱ्यात रांगते आणि क्लच जळतो.

उपाय म्हणून घरूनच खालचं गिअरिंग लावून निघालात, तर पहाड लागेपर्यंतचे दीड-दोन हजार किलोमीटर इंजिन ओरडत जाईल. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ चं उदाहरण घ्या. तिला पुढे १५, मागे ३८ दात असतात, गुणोत्तर २.५३. पुढे १४ केले की २.७१, म्हणजे सात टक्के खाली. १४ चं स्प्रॉकेट आणि नवं लॉक वॉशर (नट सैल होऊ न देणारी चकती) सामानात ठेवा, सपाटीवर १५ वर जा आणि मनालीला किंवा श्रीनगरला पोचल्यावर बदला. एकच अट: हे बसवून काढणं घरी एकदा करून बघितलेलं असावं, आणि चाक मागे घ्यायला चेनचा ताण बसवणाऱ्या अ‍ॅडजस्टरमध्ये जागा उरलेली असावी.

## टप्पा ५: पुढचं बदलायचं की मागचं

पुढचं स्वस्त, बदल मोठा. मागचं महाग, बदल बारीक. अंदाज घ्यायला आधी पुढचं बदला. दिशा बरोबर वाटली की पुढच्या चेन सेटला मागच्यावर नेमका आकडा लावा.

पुढचं लहान करण्याला सीमा आहे. चेन जितक्या लहान गोलावर वळते तितक्या तिच्या कड्या जास्त दुमडतात, झिजतात, आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला घासायला लागतात. कंपनीच्या आकड्यापेक्षा एकच दात कमी, आणि शक्यतो १३ च्या खाली नको. त्याहून खाली यायचं असेल तर मागचं वाढवा. पुढचं मोठं करताना कव्हर आणि केसिंगला चेन लागत नाही ना, हे कव्हर लावून हातानं चाक फिरवून बघायचं. मागचं मोठं असेल तर चेनकव्हर आणि चेन गाईड.

चेनच्या लांबीचा हिशेब असा: एक दात बदलला की चाकाचा एक्सल कडीच्या मापाच्या पाव भागानं सरकतो. ४२८ मध्ये साधारण ३ मिमी, ५२० मध्ये ४ मिमी. दात वाढले की चाक पुढे येतं, घटले की मागे जातं. मागे तीन दात वाढवले तर ५२० चेनवर चाक १२ मिमी पुढे. तेवढी जागा आहे का, हे स्विंगआर्मवरच्या रेघांवर आत्ताच बघून ठेवा. नसेल तर दोन कड्या जास्तीची चेन लागेल. दोनच, कारण आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून येते.

जाता जाता: १४ दात आणि ११२ कड्या असा जोड असेल, तर ११२ ला १४ नं पूर्ण भाग जातो आणि पुढचा प्रत्येक दात कायम त्याच आठ कड्यांना भेटतो. एक कडी खराब झाली की ती ठराविक दातच खात राहते. १३ किंवा १५ वर झीज सगळीकडे वाटली जाते. दोन पर्याय बरोबरीचे असतील तर मी विषम आकड्याकडे झुकतो.

## टप्पा ६: दुकानात काय बघायचं

जुनं पुढचं स्प्रॉकेट सोबत न्या. दात आणि चेनचा नंबर जुळला तरी मधल्या भोकाच्या खाचा वेगळ्या असू शकतात, आणि बैठकीची जाडी एक-दीड मिलिमीटर कमी-जास्त असली तर चेन तिरकी चालते. दोन्ही एकावर एक ठेवून खाचा जुळवा, मग टेबलावर आडवी ठेवून उंची बघा.

चेन जास्त लांबीची मिळाली तर उत्तम, ती कापता येते. छोट्या चेनला तुकडा जोडून दोन लॉक लावण्याच्या भानगडीत पडू नका.

## टप्पा ७: बसवण्याचा क्रम

क्रम चुकला की पुढचा नट सुटत नाही. मग हातोडा निघतो, आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर घाव बसतात.

1. चेन जागेवर आणि ताणलेली असतानाच पुढच्या स्प्रॉकेटचा नट सैल करा. लॉक वॉशरची दुमडलेली कड आधी छिन्नीनं सरळ करा. एकानं मागचा ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं पाना मारायचा. बऱ्याच छोट्या गाड्यांत मोठा नट नसतो, दोन लहान बोल्टांनी धरलेली पत्री असते. ती फिरवून खाचांतून बाहेर येते.
2. आता एक्सल नट सैल करा, चाक पुढे घ्या, चेन लॉक काढा.
3. चाक उतरवून मागच्या स्प्रॉकेटचे नट समोरासमोरचे असे आळीपाळीनं सोडा. हबमधले रबर बघा. स्प्रॉकेट हातानं मागेपुढे हलवल्यावर ढिलं वाटलं तर रबर आत्ताच बदला, पुन्हा चाक कोण उतरवणार.
4. नवं मागचं स्प्रॉकेट लावा, नट समोरासमोर आळीपाळीनं आवळा. बैठकीवर मातीचा कणही नको, नाहीतर स्प्रॉकेट डुलतं.
5. नवं पुढचं स्प्रॉकेट लावा, नट हातानंच.
6. चेन चढवा, लॉक लावा. क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला. वरच्या पट्ट्यात ती गाडीच्या तोंडाकडे येते.
7. चेनचा ताण बसवा, चाक सरळ करा, एक्सल नट आवळा.
8. सर्वांत शेवटी, मागचा ब्रेक दाबून, पुढचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि नव्या लॉक वॉशरची कड दुमडा. जुनी कड पुन्हा वाकवली की तुटते.

इशारा: इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये टाकून चेन साफ करणं किंवा तपासणं नको. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये गेलेलं बोट परत येत नाही. चाक हातानंच फिरवा.

तपासा, ताण: चाक थोडं थोडं फिरवत खालच्या पट्ट्याला बोटानं उचलत जा. एका जागी चेन जास्त घट्ट लागेल. ताण त्याच जागी मोजायचा, सैल जागी नाही. माप स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतं.

तपासा, ब्रेक: मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे गेल्यावर ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि ब्रेक लागून राहतो. पुढे आल्यावर पेडल खोल जातं. पेडलचा मोकळा खेळ आणि ब्रेक लाइटचा स्विच दोन्ही पुन्हा जुळवा. ही गोष्ट गॅरेजमध्येही विसरली जाते, आणि "नवं स्प्रॉकेट टाकलं तर गाडी जड झाली" अशी तक्रार येते.

## टप्पा ८: पहिले काही दिवस

पहिल्या पाच-दहा किलोमीटरनंतर थांबून पुढचा नट, चेन लॉक आणि मागच्या हबची उष्णता बघा. हब हाताला चटका देत असेल तर ब्रेक धरतोय. नवी चेन पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये थोडी बसते, तेव्हा ताण पुन्हा घ्या.

मग टप्पा २ ची वही काढा आणि त्याच चढावर, तेवढ्याच वजनानं जा. आधी दोन गिअरच्या मधे अडकणारी गाडी आता एका गिअरमध्ये स्थिर चढत असेल तर आकडा बरोबर. अजून अडकत असेल तर आणखी दात खाली जाण्याआधी अडकण्याची जागा बदलली का ते बघा. कधी कधी खालचा चढ सुटतो आणि वरचा अडतो. अशा वेळी मागे दोन दातांचा बारीक फरक पुरतो.

राहिला मीटर. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकाकडे जात असेल तर काहीच बदलत नाही. सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर मीटर चुकेल. १५ चे १४ केलेत तर मीटर ८० दाखवताना गाडी ७५ च्या जवळ असते. याचा त्रास नाही, फक्त किलोमीटर जास्त मोजले जातात आणि ॲव्हरेज कागदावर खोटंच वाढलेलं दिसतं. १४ चे १५ केलेत तर मीटरवर ८० असताना खरा वेग ८५ च्या वर असतो, आणि स्पीड कॅमेरा तुमचा मीटर बघत नाही. मोबाइलच्या जीपीएसवर ६० ला फरक मोजून घ्या आणि ॲव्हरेज काढताना तोच टक्का वजा किंवा अधिक करा.